ट्रायपॉडचा पाय

खाडीकाठच्या वाळूवर एक चिमुकली पक्षीण पंख मोडल्यागत फरफटत टाहो फोडत होती. कॅमेऱ्यामागे नवऱ्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता. बायको कासावीस झाली. “अहो, सोंग करतेय ती. अंडी इथंच कुठंतरी असणार, म्हणून आपल्याला लांब नेतेय. मागे चला ना!” “माहितीये गं. म्हणूनच तर शूट करतोय. डोकं नको खाऊस.” त्याने कॅमेऱ्याचा ट्रायपॉड उचलला आणि आणखी पुढे रोवला. पक्षिणीचा आवाज बंद झाला. तिने धडधाकट पंख मिटला आणि ती नुसती उभी राहिली. “का थांबली ही?” नवरा करवादला. बायकोने खाली बोट दाखवलं. तिच्या खांद्यावर हात टेकून त्याने ट्रायपॉड उपटला. टोकावरून पिवळा बलक ओघळला. “शी! रुमाल दे पटकन!” तिने रुमाल काढला आणि त्याचा हात लागलेला खांदा खसाखसा पुसला.