पोटातला वारा

अँडीजमधल्या तुरुंगात झडतीसाठी कोठड्यांना कुलूप लागलं आणि निल्दाचं तान्हं बाळ पुन्हा किंचाळू लागलं. त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. “अंगावर पाजतेस अन् गारढोण बटाटे खाल्लेस, भोग!” शेजारच्या खाटेवरची करवादली. “गप्प कर, नाहीतर उद्याच पोर अनाथाश्रमात धाडते!” पहारेकरणीने गजांवर दांडका आपटला. निल्दाला पळायलाही जागा नव्हती. तेवढ्यात कोठडीच्या कोपऱ्यातली एडेल्मिरा उठली. नवऱ्याचा खून करून आलेली, म्हणून तिच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहत नसे. “आण इकडे.” निल्दाने बाळ उराशी आवळलं. “अगं, सहा पोरं वाढवलीत मी.” निल्दाने डोळे मिटून बाळ दिलं. एडेल्मिराने त्याचे गुडघे हलकेच पोटाशी दाबले, सोडले, पुन्हा दाबले. अन् बाळ असं दणदणीत पादलं, की स्वतःच दचकून गप्प झालं. “मॅडम, एकजण सुटला!” एडेल्मिरा ओरडली. सगळ्या खिदळल्या. निल्दाने बाळ तिच्याकडेच राहू दिलं.