खालील सर्व डेटाबेस

"स्क्रीनवर नवं व्हर्जन दिसतंय ना? मग झालं की," साहेब म्हणाले.

"स्क्रीनवर दिसतं ते आपण मागितलेलं. आत अजून जुनंच चालू आहे," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. सकाळपासून ती कंपनीच्या गिऱ्हाइकांचा एकेक डेटाबेस उघडून त्यालाच विचारत होती, बाबा रे, तुझं व्हर्जन कोणतं? सगळे भाड्याच्या क्लाउडवर. देखभाल म्हणे क्लाउडवाल्यांची, कटकट मात्र हिच्या गळ्यात. बाकी सगळे सरळ निघाले. रक्त तपासणाऱ्या लॅबचा तेवढा हटून बसला होता. नवं व्हर्जन येऊन पडलं होतं, पण डेटाबेस एकदा बंद करून चालू केल्याशिवाय ते लागू होत नव्हतं. जुन्यातलं खिंडार एव्हाना चोरांना तोंडपाठ झालेलं, आणि आत हजारो लोकांचे रिपोर्ट.

तिने लॅबच्या मॅनेजरला फोन लावला. "दहा मिनिटं बंद ठेवायचाय फक्त."

"मॅडम, इथे माणसं उपाशीपोटी रांगेत बसलीयत. पुढच्या आठवड्यात बघू."

मागच्या आठवड्यातही त्याने हेच सांगितलं होतं. फोन आपटावासा वाटला तिला. आपटला नाही, कारण तो तिचा स्वतःचा होता.

संध्याकाळी ऑडिटर यायचे होते. 'खालील सर्व डेटाबेस अद्ययावत आहेत' या कागदावर तिची सही हवी होती. मागे अशीच डेटाची चोरी झाली तेव्हा सही करणाऱ्याची नोकरी गेली. साहेब मात्र खुर्चीत तसेच.

"खोट्यावर सही करणार नाही मी," ती म्हणाली. आवाज चढला होता. चढू दे, असंच वाटलं तिला.

साहेब चिडले नाहीत. कागद उचलून केबिनमध्ये गेले. आता हे लॅबच्या मालकांना फोन लावतील, एकदाचा निकाल लागेल, या विचाराने तिला जरा हायसं वाटलं.

प्रिंटर घरघरला. साहेबांनी नवा कागद तिच्यापुढे ठेवला, वर पेन ठेवलं.

"नीट वाचा. एक शब्द जरी खोटा निघाला तर सही करू नका."

तिने ओळ न् ओळ वाचली. सगळं खरं होतं. लॅबची ओळ तेवढी नव्हती.

"आणि लॅबचा डेटाबेस?"

"कोणता?" साहेबांनी विचारलं.