तिसऱ्या अंकातलं दार

"तिसऱ्या अंकात तुम्ही दार उघडायचं आहे, जानकीबाई," दिघे पुन्हा म्हणाले. "एवढंच. कडी काढायची आणि बाजूला व्हायचं."

"वाचलंय मी," जानकीबाई म्हणाल्या. "पण ती उघडणार नाही."

दिघ्यांनी हातातलं पुस्तक टेबलावर आपटलं. प्रयोग उद्या रात्री होता. ग्रंथालयाच्या अंगणात मांडव उभा राहिला होता, गॅसच्या बत्त्या आल्या होत्या, आणि नायिका शेवटचा प्रवेश करायला तयार नव्हती. बाकीची सगळी भूमिका बाईंनी चोख बसवली होती. घोडं पेंड खात होतं ते दारापाशी.

नाटक तसं साधं होतं. युद्धात बोटीवर गेलेला नवरा बेपत्ता होतो. बारा वर्षं उलटतात. भाऊबंद दर्भाचा पुतळा जाळून त्याचं क्रियाकर्म उरकायला येतात, ती त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवते. आणि तिसऱ्या अंकात नवरा दाराशी येतो. तिनं दार उघडलं नाही तर उरतं काय? दिघ्यांची सगळी मेहनत पाण्यात.

दिघे या नावाला मुंबईत आता वजन आलं होतं. चांगल्या चांगल्या नाटक मंडळ्या पहिला प्रयोग मागत होत्या. त्या सोडून हे गृहस्थ मालवणच्या ग्रंथालयाच्या मागे लागले. नायिका हौशी हवी, कन्याशाळेतलीच एखादी शिक्षिका द्या, असा हट्ट धरून बसले. चिटणीस बाबली यांची छाती अभिमानानं फुगली. त्यांनी लगेच जानकीबाईंचं नाव सुचवलं. बाई मूळच्या विजयदुर्गच्या, नोकरीसाठी मालवणात आलेल्या. वाचन दांडगं, आवाज खणखणीत. यजमान बोटीवर असतात, एवढंच गावाला ठाऊक होतं.

"हे बघा," दिघे खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "आधी मानसशास्त्राच्या नजरेनं बघू. ती आशेवर जगते. आशा हाच तिचा चिवटपणा. दार न उघडणं म्हणजे बारा वर्षांची आशा खोटी ठरवणं."

"ती बारा वर्षं खाते काय?"

"म्हणजे?"

"तुमच्या नाटकात ती दिवा लावते, समुद्राकडे बघते आणि सुस्कारे टाकते. तिची चूल कशावर पेटते?"

"ते सूचित आहे," दिघे म्हणाले. त्यांची कानशिलं तापली. नाटक छापून आलं तेव्हा मुंबईच्या टीकाकारांनी रकानेच्या रकाने भरले होते. चूल एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

"बरं, समाजाच्या अंगानं घ्या. एकटी बाई भाऊबंदांसमोर उभी ठाकते, म्हणजे हे बंड झालं. परंपरेच्या अंगानं घेतलंत तर पुराणातल्या पतिव्रतांची ही धाकटी बहीण. कुठल्याही वाटेनं गेलात तरी तुम्ही दारापाशीच पोचता."

"पोचते. पण ते उघडायचं कशासाठी, हे एकही वाट सांगत नाही."

एवढ्यात बाबली शहाळी घेऊन आले. "सायबानू, ह्या उकाड्यात दाढी कित्याक वाढवलात?" त्यांनी आपलं सहज विचारलं.

"सवय," दिघे म्हणाले आणि पुन्हा बाईंकडे वळले. हुकमाचं पान त्यांनी राखून ठेवलं होतं. "मग तिनं पुतळा जाळू का दिला नाही? ही गोष्ट खरी घडलेली आहे. तुमच्याच किनाऱ्यावरच्या बाईची. मला मुंबईत एका खलाशानं सांगितली. वाट बघत होती म्हणूनच ना?"

जानकीबाईंनी शहाळं खाली ठेवलं.

"पुतळा जळला की ती विधवा. कुंकू पुसायचं, कोपऱ्यात बसायचं आणि दिरांची भांडी घासायची. तेच नवरा बेपत्ता असला की ती सवाष्ण. शिकता येतं, नोकरी करता येते, नाटकात उभं राहता येतं. तिला नवरा नको होता, दिघेसाहेब. तिला कुंकू हवं होतं. त्यासाठी तो कुठंतरी लांब जिवंत असलेला बरा."

दिघ्यांना रागच आला. इतकी वर्षं ते या नायिकेच्या मनात घर करून बसले होते, निदान तशी त्यांची समजूत होती. आता कुणीतरी त्यांचं सामान बाहेर काढून ठेवत होतं.

"इतकं कोरडं कुणी नसतं," ते चिडून म्हणाले. "तो दमून आलाय, पस्तावून आलाय. बाहेर उभा आहे. थोडी तरी माया?"

"तुमचा नायक दाराबाहेर उभा राहून दीड पान बोलतो. पस्तावलेल्या माणसाला एवढं बोलवत नाही."

बाबली खाली मान घालून हसले आणि रिकामी शहाळी उचलून अंगणात गेले. आत दोघंच राहिले.

दिघे उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. आवाज एकदम उतरला होता. "नाटक राहू दे," ते म्हणाले. "खरं सांगा. तो उद्या खरोखरच तिच्या दाराशी आला तर?"

"इलो आसा," जानकीबाई म्हणाल्या. एवढ्या तालमींत त्या त्यांच्याशी घरच्या बोलीत पहिल्यांदाच बोलत होत्या. "पयल्याच दिसाक तुमका वळाखलंय." पिशवीतून बोटीचं तिकीट काढून त्यांनी दिघ्यांच्या हातात ठेवलं. "नाटकातला दार मी उघडतंय. तुमी सकाळच्या बोटीन परत जावा."