कचरा नावाचा टॅग

"शी! परत तेच!" असं म्हणत प्रफुल्ल सरांनी एकसष्टावा प्रश्नही कचऱ्यात टाकला.

कचरा हा टॅग त्यांनीच बनवला होता. साकोलीतल्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासच्या साइटवर विद्यार्थी प्रोग्रॅमिंगचे प्रश्न टाकायचे आणि सर प्रत्येक प्रश्नाला विषयाचा टॅग लावायचे. लूप, फंक्शन, तिसरा धडा, असे. टॅगवर बोट ठेवलं की तसले सगळे प्रश्न एका जागी दिसत. काम सोपं, पण त्यासाठी प्रश्न वाचावा लागतो, आणि सरांना त्याचीच किळस. मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा हललेला फोटो, खाली एवढंच: "सर, चालून नाही राहिलं." एका फोटोच्या कोपऱ्यात तर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी! "डोकंच नाही यांना," असं म्हणून सर फोटो मोठा न करताच टॅग लावून मोकळे व्हायचे.

हा टॅग फक्त आपल्यालाच दिसतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. दिसत होता सगळ्यांना. एकदा विद्यार्थ्याच्या नावानं साइट उघडून बघावी, एवढंही या हुशार माणसाला सुचलं नाही.

तिसऱ्या धड्याचा प्रोग्रॅम ज्याचा चालणार नाही, त्याचं नाव शनिवारी क्लासमधून कमी होणार होतं. त्याच शनिवारी सकाळी मोहाडीची रुपा ऑफिसात आली. दोन लेकरांची आई, भावाच्या जुन्या लॅपटॉपवर शिकणारी. हा कोर्स पुरा झाला तर भंडाऱ्यात तिला नोकरी मिळणार होती. तिनं चार वेळा प्रश्न विचारला होता. चारही वेळा कचरा.

"नाव कापायचा अर्ज टेबलावर ठेव," सर मान वर न करता म्हणाले.

"आणला होता. पण सर, तुमी माह्या प्रश्नाले कचरा म्हटलं."

सर चपापले, मग चिडले. "ते तुले कसं दिसलं?"

"सगळ्यायलेच दिसते. लय शिसारी आली, सर. नवऱ्याले दाखवाची लाज वाटली मले. मंग बसमध्ये त्या कचऱ्यावर बोट ठेवलं, तर एकसष्ट प्रश्न निंगाले. भंडारा येईपर्यंत वाचतच बसली. एकूणएक फोटोत लाल अक्षरात एकच चूक. एवढे सारे एकदमच बह्याड, बिनडोक कसे, सर?"

तिनं लॅपटॉप सरांपुढे ठेवला. त्यावर त्यांचाच तिसऱ्या धड्याचा व्हिडिओ होता. कॉम्प्युटरनं मनानं एक आकडा निवडायचा, असा तो साधा प्रोग्रॅम. त्यासाठी सगळ्यात वर एक ओळ लिहावी लागते. ती ओळ सरांनी रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधीच लिहून ठेवली होती, आणि व्हिडिओत ती स्क्रीनच्या वर सरकून गेली होती. पोरांनी दिसलं तसं अक्षरन् अक्षर उतरवलं होतं.

"ते लाल अक्षरं मोबाइलवर शोधले, तं हे ओळ भेटली. टाकली अन् चाललं," रुपा म्हणाली. "साकोली यायच्या आधीच चाललं."

सरांनी व्हिडिओ तीनदा मागे नेला. मग आयुष्यात पहिल्यांदा तो खर्ऱ्याच्या पन्नीवाला फोटो मोठा करून पाहिला. लाल अक्षरं तीच होती. या वेळी किळस स्वतःचीच होती.

"फाडून टाक तो अर्ज," ते कसेबसे म्हणाले. "तुझं नाव राहीन."

रुपा जागची हलली नाही. टेबलावर आठवडाभरात आलेल्या अर्जांचा गठ्ठा होता. सतरा जणांनी आपणहून क्लास सोडला होता. तिनं त्यातली नावं एकेक करून वाचली.

"माह्यं झालं, सर. पण आपल्याले डोकंच नाही असं समजून जे घरी बसले, त्यायच्या घरी कोण जाऊन सांगन?"