दही-साखर

"आजची मॅच हरायची," आबा केरबाला म्हणाले. "आपल्याकडं उतरलेली पाहुण्यांची टीम तुमच्याकडून हरली तर दुपारीच बॅगा भरून जाईल. वरच्या चारी खोल्या रिकाम्या."

क्रीडासंकुल झालं तसे गावात प्लॉट पडले, घरोघरी लॉजच्या पाट्या लागल्या. टीम जिंकतेय तोवरच मुक्काम, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"मग ढेकळं फोडून मैदान करून मला कबड्डी शिकवलीत कशाला?" केरबा बापावर तडकला. "खोल्या भरायला?"

आबा वाटीत दही-साखर कालवू लागले. तेवढ्यात जिन्यावरून पाहुण्यांचा कॅप्टन उतरला आणि सवयीनं त्यानं तळहात पुढं केला. मॅचला जाताना आबा रोज त्याला दही-साखर द्यायचे.

आज चमचा मध्येच थांबला, वळला आणि केरबाच्या तळहातावर आला.

संकुलातल्या लाउडस्पीकरवर केरबाचं नाव पुकारलं.

"आबा," दही चाटत तो म्हणाला, "मला निघायला पाहिजे."