पश्चात पत्नी, दोन पुतणे

"काकू, जरा सरका, भिंत मोजायचीय," धाकटा पुतण्या म्हणाला. काकू शिलाई मशीनसकट वीतभर सरकल्या आणि पुन्हा पायडल मारू लागल्या.

शिंपीकाका जाऊन आठवडा झाला होता. मृत्युपत्र नाही, मूलबाळ नाही. पुतण्यांना दुःख आवरेना, म्हणून ते वकील आणि टेप घेऊन दुकानात आले होते. इथे मोबाइलचं दुकान चालेल की केकचं, यावर थोरला वाटेतच दोनदा मत बदलून बसला होता.

"मृत्युपत्र नसलं की आधी बायको-मुलं," वकील म्हणाले. "ती नसतील तर तुम्ही. ह्या कोण?"

"कोणी नाही," थोरला म्हणाला. "आमच्या काकू."

वकिलांचं पेन थांबलं.

"म्हणजे तशा नव्हे हो," धाकटा घाईने म्हणाला. "अठ्ठावीस वर्षं काकांबरोबर राहिल्या, इथेच मागच्या खोलीत. पण लग्न नाही. विचारा त्यांनाच."

काकूंनी दाताने दोरा तोडला. "करणार होतो. पण दर मोसमात कुणाचं ना कुणाचं लग्न निघायचं. कपडे वेळेवर द्यायचे असायचे. राहूनच गेलं."

"ऐकलंत ना?" थोरल्याने धाकट्याला टाळी दिली. "चल, मागची खोलीही मोजून घे."

वकिलांनी फायलीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. "'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन पुतणे असा परिवार आहे.' हे कोणी दिलं?"

"मी," धाकटा म्हणाला. "मुद्दाम मोठी चौकट घेतली. दुसरं काय छापणार? लोक काय म्हणतील?"

"इतक्या वर्षांचा संसार, आणि घरचेच चारचौघांत पत्नी म्हणतात. अशा वेळी कायदा लग्न झालंय असंच धरून चालतो. नाही म्हणायचं तर तुम्ही शपथेवर सांगा, की काका लग्नाशिवाय राहत होते आणि आमचं घराणं अठ्ठावीस वर्षं लोकांना थापा मारत होतं."

"पण काकू आत्ता बोलल्या ते?"

"त्या दुकानात बोलल्या. तुम्हाला भर कोर्टात बोलायचंय."

थोरल्याच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं, आणि होणारे व्याही अब्रूला भलतेच जपणारे. तो मुकाट्याने टेप गुंडाळू लागला.

एकाएकी धाकट्याचा चेहरा उजळला. "दादा, काकांचं लग्न झालं होतं की. मी शाळेत होतो, पण चांगलं आठवतंय. जेवण काय फर्मास होतं. मी दोनदा जेवलो."

"तीनदा," थोरला म्हणाला. त्यालाही आता हुरूप आला. "फोटो तर मीच काढले. कॅमेऱ्यात रीळ नव्हतं, एवढंच."

काकूंचं मशीन थांबलं. त्या स्टूल वळवून दोघांसमोर नीट बसल्या.

"आणि मी काय घातलं होतं रे?"