मेलेल्यांचा व्हीलॅन

सोसायटीतल्या मेलेल्यांचं भिंतीतून घरच्यांशी बोलणं आजपासून बंद होणार होतं. सेक्रेटरी पेंढारकरबाई नेटवर्कच्या स्विचपाशी उभ्या राहून गुरकावल्या, "खांडके, सगळ्या मेलेल्यांचे पोर्ट वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाका, त्यांचं नेटवर्क आपल्यापासून तोडा. त्यांनी आपसात काय बोलायचं ते बोलावं. तुमच्या बायकोलाही सूट नाही."

खांडकेने एकेक पोर्ट हलवला. बायकोचा, शालनचा, शेवटी. मग त्याने स्वतःच्या घराचा पोर्टही मेलेल्यांच्या व्हीलॅनमध्ये टाकला.

"अहो, डोकं फिरलंय का? आता गेट, लिफ्ट, दवाखाना, कुणी ओळखणार नाही तुम्हाला!"

"तुम्हीही नाही ना? मग बरंच झालं."

तो जिने चढून गेला आणि त्याने किल्लीने दार उघडलं. भिंतीतून शालन खेकसली, "किती उशीर! त्या बाईशी भांडत बसलात ना?"